लायनर नवीन, हँडब्रेक ढिला



आज सीताफळावर काही लिहीत नाही. गाडीच्या हँडब्रेकवर लिहितोय. शेतीच्या पानावर हे मधेच काय, असं कुणाला वाटेल. पण आपल्या पुरंदरसारख्या उताराच्या रानात गाडी उभी करणं हेसुद्धा शेतीचंच काम आहे. फवारणीचा पंप जसा तपासतो, तसा हँडब्रेक तपासला पाहिजे. मी तपासला नाही. या श्रावणात माझ्या हातून एक माणूस जाता जाता वाचलं. चूक माझी होती, आणि ती मी पहिल्यांदा दुसऱ्यावर ढकलली. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ज्याच्याकडे जुनी गाडी आणि चढउताराचं रान आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

आमचं रान सासवडपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. दोन एकर सीताफळ, एक एकर अंजीर, बाकी बाजरी आणि वाटाणा. सपाट जागा म्हणाल तर घरापुढचं अंगण तेवढं. बाकी सगळा उतार. बागेतून माल बाहेर काढायला एक जुनी व्हॅन आहे. मागची सीट काढून ठेवली की पंधरा क्रेट बसतात. सासवडच्या बाजारात तीच, कधी दिवे घाट उतरून पुण्याला मार्केट यार्डात तीच.

वैशाखात एक दिवस मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली. बोट लावून बघितलं तर ब्रेक ऑइल. चाकातल्या व्हील सिलेंडरचं रबर गेलं होतं. ऑइल लायनरवर उतरलं होतं. असं ऑइल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुऊन, पॉलिश पेपरनं घासून पुन्हा बसवायचा नसतो. तो टाकूनच द्यायचा. आणि एका चाकाचे लायनर बदलले की दुसऱ्याचेही बदलायचे, नाहीतर गाडी एकीकडं ओढते. एवढं मला माहीत होतं. म्हणून दोन्ही चाकांचे मिळून चार लायनर, दोन व्हील सिलेंडर आणि आतल्या स्प्रिंगा असं सामान आणलं.

गॅरेजला टाकली असती तर दोन दिवस गाडी अडकली असती. मजुरीही वाचवायची होती. पुतण्याची परीक्षा नुकतीच झाली होती, तो म्हणाला, "काका, आपणच करू. मोबाईलवर बघितलंय मी." घरी जॅक आहे, पाने आहेत. लागलो कामाला.

इथं पहिली चूक झाली. आम्ही दोन्ही चाकांचे ड्रम एकदमच काढले. दोन्हीकडचं सगळं सामान एकाच घमेल्यात टाकलं. लोखंडी भाग स्वच्छ धुतले, पुसले, ओळीनं मांडले, आणि एकेक उचलून बसवत गेलो. काम झाल्यावर ब्रेकच्या लाईनमधली हवा काढली. गाडी चालवून बघितली. पायाचा ब्रेक लागत होता. पुतण्याला शंभराची नोट दिली आणि खूश झालो.

हँडब्रेक मात्र पहिल्यासारखा वाटेना. आधी मूठ ओढली की पाच-सहा खटक्यांत घट्ट व्हायची. आता आठ खटके लागायला लागले. मी म्हणलं, लायनर नवीन आहेत, ड्रमला बसायला वेळ लागेल. हे अगदीच खोटं नाही. नवीन लायनरची गोलाई आणि जुन्या, झिजलेल्या ड्रमची गोलाई सुरुवातीला तंतोतंत जुळत नाही. लायनर पूर्ण अंगानं टेकत नाही, मधेच कुठंतरी टेकतो. थोडं चालवल्यावर घासून बसतो आणि पकड वाढते.

पण वाढायला पाहिजे होती ती पकड कमी होत चालली. आठाचे नऊ खटके झाले, नवाचे दहा. ज्याअर्थी रोज वाढत होतं, त्याअर्थी हे बसण्याचं प्रकरण नव्हतं. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. मुठीखालचं कव्हर काढलं आणि केबलचा नट आवळला. एकदम सहा खटक्यांवर आला. झालं काम!

दहा दिवसांनी पुन्हा नऊ. पुन्हा आवळला. मग एके दिवशी घाट उतरून आलो तर मागच्या उजव्या चाकातून जळका वास यायला लागला. हात जवळ नेला तर धग लागली. म्हणजे मूठ खाली केली तरी ब्रेक सुटत नव्हता. मग नट थोडा ढिला केला. वास गेला, पण हँडब्रेक अकरा खटक्यांवर. असा तो आवळ-ढिला खेळ मी दीड-दोन महिने खेळलो. घरात विचारलं की म्हणायचो, "माल डुप्लिकेट दिलाय दुकानदारानं."

आता त्या दिवसाचं सांगतो.

नारळी पौर्णिमेचा आदला दिवस. सीताफळाची तोडणी चालू होती. रात्री बारीक पाऊस झाला होता, गवत ओलं होतं. गाडी बागेच्या मधल्या वाटेवर उभी केली. तोंड चढाकडं, मागचं दार उताराकडं, म्हणजे क्रेट चढवायला सोपं. मूठ ओढली, अकरा खटके आले, गाडी थांबली. बंद करून न्यूट्रलमध्येच ठेवली. गिअरमध्ये ठेवली तर चालू करताना पोरं उडी मारून देतात, म्हणून न्यूट्रलची सवय लागलेली.

आमच्याकडं वीस वर्षं कामाला येणारी एक मावशी आहे. साठीची आहे. तोडलेल्या फळातून डोळे उघडलेली फळं वेगळी आणि कच्ची वेगळी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. ती गाडीच्या मागं, पाच-सहा फुटांवर पोतं टाकून बसली होती. पुढ्यात पाटी, शेजारी भाकरीचं फडकं.

दहा क्रेट चढवून झाले. अकरावा मी उचलला. तेवढ्यात मावशी पाणी प्यायला उठली आणि बाजूच्या झाडाखालच्या कळशीकडं गेली. मी क्रेट आत ठेवला, आणि गाडी हलली. आवाज नाही, काही नाही. आधी हळू, मग एकदम. मी बाजूला झालो म्हणून वाचलो. ती पोत्यावरून गेली, पाटीवरून गेली, भाकरीच्या फडक्यावरून गेली आणि खालच्या सीताफळाच्या झाडाला टेकून थांबली. आठ-नऊ फूट गेली असेल. झाड मोडलं.

मावशी तांब्या हातात धरून तशीच उभी. मी जवळ गेलो. ती काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही. तिनं फडकं ओढून काढलं, त्यातली भाकरी बघितली, आणि घरी निघून गेली. दुपारचे अकरा वाजले होते.

घरी आल्यावर मंडळींना सांगितलं, "गवत ओलं होतं. चाक घसरलं."

दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिचा मुलगा जेजुरीच्या एमआयडीसीत कामाला आहे, तो संध्याकाळी मोटारसायकल थांबवून म्हणाला, "दादा, आई आता येणार न्हाई म्हणती." कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून शेजारच्या गावातल्या मेस्त्रींकडं गेलो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस. आता गाड्यांची कामं घेत नाहीत, पण विचारलं तर सांगतात. सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणलं, "गवत ओलं होतं, त्यामुळं चाक घसरलं असंल."

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "वाटेवर टायरची नक्षी उमटली का चिखल सारवल्यासारखा झाला?"

मी गप्प बसलो. कारण मी बघितलं होतं. ओल्या मुरमात टायरची नक्षी अगदी स्वच्छ, एकेक रेघ उमटली होती. चाक अडकून घसरलं असतं तर नक्षी पुसून चिखल सारवला गेला असता. नक्षी उमटली म्हणजे चाक फिरत गेलं. म्हणजे ब्रेकनं धरलंच नव्हतं. हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं, फक्त मी स्वतःला सांगितलं नव्हतं.

मेस्त्री म्हणाले, "गाडी मोकळी असताना उभी राहिली म्हणजे ब्रेक चांगला, असं धरू नका. माल भरल्यावर ओढ वाढते." त्यांनी हिशेब करून दाखवला. दहा फुटाला एक फूट असा उतार धरला, तर 1000 किलोच्या गाडीला खाली ओढणारा जोर साधारण 100 किलोचा. त्यात वीस-वीस किलोचे अकरा क्रेट टाकले की 220 किलो वाढले, म्हणजे ओढ आणखी 22 किलोनं वाढली. ब्रेक काठावर धरून उभा असेल तर तेवढी वाढ पुष्कळ झाली. आपण नेमकं हेच करतो. मोकळी गाडी उभी करतो, मग भरतो, आणि भरणारी माणसं गाडीच्या मागंच उभी असतात.

मेस्त्री गाडीजवळ आले. आधी पायाचं पेडल दाबून बघितलं. पहिल्या दाबाला खूप खाली गेलं, लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर राहिलं. पेडल मऊ, स्पंजासारखं नव्हतं, म्हणजे हवा राहिल्याची खूण नव्हती. ते म्हणाले, "मागच्या लायनर आणि ड्रममध्ये फट जास्त आहे. पायाच्या ब्रेकला ऑइलचा जोर असतो, ते लांबपर्यंत ढकलतं. शिवाय पुढची चाकं निम्म्याहून जास्त काम करतात. म्हणून तुम्हाला चालवताना कळलं नाही. हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर, तोही तारेनं ओढलेला. तारेची ओढ ठरावीक असते. ती सगळी ओढ फट भरण्यातच संपते, दाबायला काही उरत नाही."

मग पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही हात घालू नये. मूठ ओढायला पुतण्याला बसवलं. सात खटक्यांवर उजवं चाक जड झालं, डावं मोकळं फिरत होतं. दहा खटक्यांवर डावं जेमतेम जड. मूठ खाली केली तर उजवं लगेच सुटेना.

मेस्त्री म्हणाले, "आधी केबल सोडा. पूर्ण ढिली करा."

मी म्हणलं, "ती आधीच ढिली आहे, अजून सोडायची?"

"तुम्ही ज्या टोकाला दुखतंय तिथं लेप लावताय. दुखणं दुसऱ्या टोकाला आहे. हँडब्रेकचं काम चाकापासून सुरू करायचं आणि मुठीपाशी संपवायचं. तुम्ही उलटं केलं."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. ड्रिपच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही म्हणून आपण मोटारीचा जोर वाढवत बसतो आणि फिल्टर उघडून बघत नाही. तसंच झालं हे.

ड्रम काढले. धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, असं मेस्त्रींनी दरडावून सांगितलं. ब्रेकची धूळ छातीत जायला वाईट, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसून घेतली.

आत काय असतं ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक ड्रममध्ये दोन लायनर असतात, चंद्रकोरीसारखे, एक पुढं एक मागं. वर त्या दोघांच्या मधे व्हील सिलेंडर. पायाचा ब्रेक दाबला की सिलेंडर दोन्ही लायनर बाहेर ढकलतो. हँडब्रेकची केबल येते ती मागच्या लायनरवरच्या एका लोखंडी लिव्हरला. तो लिव्हर ओढला गेला की मधल्या दांड्याला रेटा देतो आणि दोन्ही लायनर ड्रमला टेकतात. आमच्या गाडीत त्या मधल्या दांड्यातच ॲडजस्टर आहे. दांड्याला आटे आहेत आणि एक दातेरी चाकी आहे. लायनर झिजत जातो तशी ब्रेक वापरताना ती चाकी एकेक दात फिरते, दांडा लांब होतो आणि फट तेवढीच राहते. आपोआप. सगळ्या गाड्यांत हीच रचना असते असं नाही, पण ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत असते.

मेस्त्रींनी दोन्हीकडचे दांडे बघितले आणि हसले. दोन्ही दांडे आटे संपेपर्यंत आत गेलेले, अगदी आखूड. त्यांनी एक दांडा काढून फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "काय लिहिलंय बघा."

बारीक अक्षर होतं. एल. हा दांडा आम्ही उजव्या चाकातून काढला होता.

एका बाजूच्या दांड्याला उजवे आटे, दुसऱ्या बाजूच्या दांड्याला डावे. दिसायला दोन्ही सारखे. आम्ही घमेल्यातून उचलताना अदलाबदल केली. त्यामुळं चाकी फिरायची ती उलट्या अर्थानं. दांडा लांब व्हायच्या ऐवजी आखूड व्हायचा. म्हणजे गाडी जेवढी चालवली, ब्रेक जेवढा वापरला, तेवढी फट वाढत गेली. रोज खटका का वाढत होता त्याचं उत्तर हे. आणि मी वरून केबल आवळत होतो. त्यानं आणखी एक नुकसान झालं. केबल फार ताणली की आतला लिव्हर मूठ खाली असतानाही आपल्या जागेवर मागं येत नाही, अर्धा ओढलेलाच राहतो. लिव्हर मागं टेकल्याशिवाय ॲडजस्टरचं काम नीट होत नाही. म्हणजे दांडे बरोबर बसवले असते तरी माझ्या आवळण्यानं ते बिघडलं असतं.

उजव्या चाकाचा वास का आला तेही सापडलं. त्या बाजूच्या केबलचं बाहेरचं आवरण चाकाजवळ फाटलं होतं. पाणी, चिखल आत जाऊन तार गंजली होती. ओढली की जायची, सोडली की परत यायची नाही. तेल सोडून उपयोग नव्हता. केबल नवीन टाकली.

ज्या दुकानदाराला मी दोन महिने नावं ठेवली, त्याच्या मालात काहीही खोट नव्हती. लायनर बघितले, फक्त मधे चकाकी आली होती, कडा कोऱ्या होत्या. पूर्ण टेकलेच नव्हते. ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल ते कोरलेलं असतं. लेथवाल्याकडून मोजून घेतलं, मापात होते. मापाबाहेर गेले असते तर बदलावेच लागले असते, कारण ड्रम मोठा झाला की नवीन लायनरही पोचत नाही.

मग जुळवणी केली. ती क्रमानं लिहितो.

दांडे आपापल्या बाजूला बसवले, आट्यांना अगदी थोडं ब्रेकचं ग्रीस लावलं. लायनरला ग्रीसचा हात लागू दिला नाही. केबल अजून ढिलीच. ड्रम घातला, दातेरी चाकी फिरवत लायनर इतका बाहेर आणला की ड्रम फिरवताना घासायला लागला. मग थोडी मागं घेतली, चाक मोकळं फिरेल आणि कानाला बारीक घासल्याचा आवाज येईल इतपत. दुसऱ्या बाजूला तसंच. पेडल आठ-दहा वेळा दाबलं, त्यानं लायनर ड्रमच्या मधोमध येतात. पुन्हा चाकं फिरवून बघितली, पुन्हा थोडं जुळवलं. पेडल पहिल्या दाबाला वर राहायला लागलं.

हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, केबल. मूठ तिसऱ्या खटक्यावर चाक जड व्हायला लागलं पाहिजे, पाच-सहावर दोन्ही चाकं हातानं फिरता कामा नयेत. आणि मूठ पूर्ण खाली केल्यावर दोन्ही चाकं मोकळी. आपापल्या गाडीच्या पुस्तकात खटके किती ते दिलेलं असतं, तेच धरावं. नट नीट आवळले, गाडी खाली घेतली. मोकळ्या रस्त्यावर सावकाश वेगात हलका ब्रेक मारत दोन-चार किलोमीटर चालवली, मधे मधे गार होऊ दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलंय, कारण लायनर बसल्यावर आणि नवीन केबल ताणल्यावर थोडा फरक पडतो.

मग त्याच वाटेवर नेली. खाली कुणी नाही हे बघून घेतलं. रिकामी उभी केली, मूठ ओढली, न्यूट्रल, पाय पेडलच्या वर तयार. हलली नाही. मग उतरून पंधरा क्रेट भरले, पण आता मागून नाही, बाजूच्या दारातून. चाकाच्या मागं चार बोटं सोडून दगड ठेवला. तासभर उभी ठेवली. गाडी दगडाला टेकली नाही.

संध्याकाळी मावशीच्या घरी गेलो. ती चुलीपाशी होती. मी दारातच बसलो. म्हणलं, "मावशी, गवतानं न्हाई गेली गाडी. माझ्या हातानं गेली. मला म्हैनाभर ठावं होतं ब्रेक लागत नाही ते, तरी तुला मागं बसवलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं, दादा. तू दर येळंला मूठ वडताना आठ-धा येळा कट कट वाजायचं. आदी येवढं वाजत न्हवतं. मी म्हणलं, तुला ठावं असंल."

मंडळी, हे ऐकून मान खाली गेली. गाडीच्या मागं बसून फळं निवडणाऱ्या बाईला आवाजावरून कळलं होतं. मला मूठ हातात असून कळलं नाही. आणि तिनं सांगितलं नाही, कारण मालकाला ठाऊक असेल असं तिला वाटलं. आपल्या रानात काम करणारी माणसं आपल्यावर असा विश्वास टाकून बसलेली असतात.

दोन दिवसांनी ती आली. गाडीजवळ गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "दगूड कुठाय?" मी म्हणलं, "आता ब्रेक चांगला झालाय, मावशी." ती म्हणाली, "आसंना. तुझा बा बैलगाडी सोडली का आदी चाकाला दगूड लावायचा, मग बैलं सोडायचा. त्याची बैलं काय वाईट व्हती?"

दगड लावला.

आता थोडक्यात, कामाचं तेवढं पुन्हा लिहितो.

एका वेळी एकच चाक उघडा. दुसरं चाक नमुना म्हणून तसंच राहू द्या. उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. डावं-उजवं सामान वेगळ्या भांड्यात ठेवा.

लायनर बदलल्यावर हँडब्रेक थोडे दिवस जरा कमी धरणं समजू शकतो. पण खटके रोज वाढत असतील तर आत काहीतरी उलटं बसलंय. केबल आवळू नका, ड्रम उघडा.

आधी लायनर आणि ड्रममधली फट, मग केबल. हा क्रम मोडू नका. आणि एक चाक लागतं, दुसरं लागत नाही, किंवा मूठ सोडल्यावर चाक गरम होतं, तेव्हा केबल गंजली आहे का ते बघा.

स्वतःला खात्री नसेल तर जाणत्या मेस्त्रीला दाखवा. मी मजुरी वाचवायला गेलो आणि काय घालवलं असतं ते वर लिहिलंच आहे.

उतारावर गाडी चढाकडं तोंड करून असेल तर पहिला गिअर, उताराकडं तोंड असेल तर रिव्हर्स गिअर. हँडब्रेक तर ओढायचाच. चालू करताना क्लच दाबायचा आणि गिअर बघायचा हे घरातल्या पोरांना शिकवा, न्यूट्रल हा त्यावरचा उपाय नाही.

भरताना गाडीच्या खालच्या अंगाला कुणालाही बसवू नका, उभं करू नका. आणि ब्रेक कितीही चांगला असला तरी चाकाला दगड लावा. आमच्या गाडीत आता एक चांगला तासलेला बाभळीचा ठोकळा कायम असतो, दोरी बांधून. मावशी कामावर आली की आधी तो जागेवर आहे का ते बघते, मग पोतं टाकते. पोतं आता ती गाडीच्या बाजूला टाकते, वरच्या अंगाला.

मोडलेल्या सीताफळाला खालून दोन धुमारे फुटलेत. बोर्डोची पेस्ट लावली आहे. जगेल असं वाटतंय.

रामराम.